राज्याची सिनेट, मतदारसंघ आणि आपला समाज

चौदा एप्रिलच्या आपल्या कार्यक्रमांत राजकारणाची चर्चा होत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. दिल्लीत काय चालले आहे, महाराष्ट्रात रिपब्लिकन ऐक्याचे पुढे काय झाले, उत्तर प्रदेशात बहुजन समाज पक्षाची मते कोठे गेली, ह्यावर जेवणाच्या पंक्तीत आपल्यापैकी प्रत्येकाचे ठाम मत असते. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष कोण होणार ह्यावर तर पैजा लागतात. परंतु आपण ज्या घरात राहतो ते घर राज्य सिनेटच्या कितव्या मतदारसंघात येते आणि तेथून कोण निवडून आले आहे, असा प्रश्न विचारला की पंक्तीत शांतता पसरते. गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी पुष्कळांना विचारला. त्यांत डॉक्टर होते, संगणक अभियंते होते, प्राध्यापक होते, पेट्रोल पंप चालविणारे होते. उत्तर देऊ शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. ह्या उणिवेकडे समाजाने गांभीर्याने पाहावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ह्या अनास्थेचे एक कारण मला आपल्या मायदेशीच्या अनुभवात दिसते. राज्याचे वरिष्ठ सभागृह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईची विधान परिषद येते. काही सदस्य आमदारांनी निवडलेले, काही स्थानिक स्वराज्य संस्थांचे, काही पदवीधरांचे व शिक्षकांचे, काही राज्यपालांनी नेमलेले. सामान्य मतदाराचा तिच्याशी संबंध जवळजवळ येत नाही आणि अर्थविधेयक ती अडवूही शकत नाही. इथल्या राज्य सिनेटची गोष्ट अगदी निराळी आहे. नेब्रास्का हे एकच राज्य १९३७ पासून एका सभागृहावर चालते. उरलेल्या ४९ राज्यांत सिनेट थेट जनतेने निवडलेली असते आणि तिच्या संमतीशिवाय एकही कायदा होत नाही. राष्ट्रीय सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा, मग ते राज्य लहान असो वा मोठे. राज्याच्या सिनेटमध्ये मात्र मतदारसंघ सारख्या लोकसंख्येचे असावे लागतात. न्यू जर्सीत असे ४० मतदारसंघ आहेत व प्रत्येकात सुमारे २ लाख ३२ हजार लोक येतात. कॅलिफोर्नियातही ४० च आहेत, पण तेथे एका मतदारसंघात सुमारे ९ लाख ८८ हजार लोक राहतात. म्हणजे तेथील राज्य सिनेटर वॉशिंग्टनला जाणाऱ्या प्रतिनिधीपेक्षाही अधिक लोकांचे प्रतिनिधित्व करतो.

माझ्या व्यवसायापुरते बोलायचे तर ह्या देशात डॉक्टरचा परवाना केंद्र सरकार देत नाही, राज्य देते. माझ्या पिढीचे अनेक भारतीय डॉक्टर जे-१ व्हिसावर आले आणि मायदेशी परतण्याची अट माफ व्हावी म्हणून डॉक्टरांची वाण असलेल्या खेड्यांत तीन-तीन वर्षे राहिले. त्यांतील बहुतेकांची शिफारस १९९४ च्या कॉन्राड योजनेखाली राज्याच्या आरोग्य खात्यानेच केलेली असते. गरिबाच्या औषधपाण्याचा प्रश्नही असाच. मेडिकेड योजनेचा विस्तार करायचा की नाही, हा निर्णय २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्यांच्या हाती आला. व्हर्जिनियात तो कित्येक वर्षे अडून राहिला होता. ३० मे २०१८ रोजी तेथील सिनेटने २३ विरुद्ध १७ मतांनी तो मंजूर केला. चार रिपब्लिकन सदस्यांनी आपल्या पक्षाला बाजूला ठेवून मत दिले, आणि १ जानेवारी २०१९ पासून सुमारे चार लाख लोकांना उपचाराचा मार्ग खुला झाला. रक्तदाबाची गोळी परवडत नाही म्हणून दिवसाआड घेणारा रुग्ण मी पाहिला आहे. त्याच्या दृष्टीने ते चार सिनेटर वॉशिंग्टनमधील कोणाहीपेक्षा मोठे ठरतात.

परंतु आपल्या समाजाच्या अगदी जिव्हाळ्याचा प्रश्न राज्य सिनेटमध्ये आला तो कॅलिफोर्नियात. त्याचा इतिहास आपल्या मुलांना ठाऊक असावा म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

२०२१ मध्ये कॅलिफोर्नियाचे मतदारसंघ नव्याने आखले गेले. दहावा मतदारसंघ हेवर्ड, युनियन सिटी, फ्रीमाँट, मिल्पिटास, सांता क्लारा ह्या पट्ट्यात पडला. भारतीय कुटुंबांची दाट वस्ती असलेला हा प्रदेश आहे. फ्रीमाँटच्या वाणसामानाच्या दुकानांत मराठी कानांवर पडते. त्या राज्यात २०१० साली जनमताने ठरलेल्या पद्धतीप्रमाणे प्राथमिक फेरीत सर्व पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात व पहिले दोन नोव्हेंबरच्या लढतीत जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. २०२२ मध्ये तसेच झाले. फ्रीमाँटच्या महापौर लिली मेई आणि हेवर्डच्या नगरसेविका आयेशा वहाब ह्या दोघी डेमोक्रॅट एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. वहाब विजयी झाल्या आणि त्या राज्याच्या सिनेटमध्ये निवडून आलेल्या पहिल्या मुस्लिम व पहिल्या अफगाण वंशाच्या सदस्य ठरल्या. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यावर सरकारी देखरेखीखाली परक्या घरी वाढलेली व पुढे एका अफगाण दांपत्याने दत्तक घेतलेली ही मुलगी. दोन्ही उमेदवार एकाच पक्षाच्या असल्याने पक्षांच्या बेरजा मांडणाऱ्यांच्या लेखी ह्या निकालाला काहीच महत्त्व नव्हते. जागा डेमोक्रॅटांकडे होती, डेमोक्रॅटांकडे राहिली. राज्याचा एकूण निकाल पाहणाऱ्याला तो दिसलाही नसेल.

निवडून आल्यावर काही महिन्यांतच, मार्च २०२३ मध्ये, वहाब यांनी विधेयक क्रमांक ४०३ पुढे आणले. नोकरी, घर, शिक्षण आणि सार्वजनिक व्यवहार ह्यांत जातीवरून भेदभाव करता येणार नाही, असे राज्याच्या कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहावे, एवढीच त्यात मागणी होती. ११ मे रोजी सिनेटने ते ३४ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर केले. असेंब्लीत मात्र वादळ उठले. जुलैमधील न्यायविषयक समितीच्या सुनावणीस दोन्ही बाजूंचे शेकडो लोक रांगा लावून उभे राहिले. विरोधकांचे म्हणणे असे होते की ह्या कायद्याने एका विशिष्ट समाजाकडे संशयाने पाहिले जाईल आणि अस्तित्वात असलेले कायदे पुरेसे आहेत. समर्थकांत आंबेडकरवादी होते, रविदासिया बांधव होते, कामगार संघटना होत्या. तडजोड म्हणून विधेयकात दुरुस्ती झाली आणि जात ही वंशपरंपरा ह्या शब्दाच्या व्याख्येत समाविष्ट करण्यात आली. २८ ऑगस्टला असेंब्लीने ५० विरुद्ध ३ मतांनी आणि ५ सप्टेंबरला सिनेटने पुन्हा ३१ विरुद्ध ५ मतांनी त्यास मान्यता दिली. आणि ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. वंशपरंपरेवरून भेदभाव करण्यास कायद्याने आधीच बंदी आहे, तेव्हा ह्या विधेयकाची आवश्यकता नाही, असे कारण त्यांनी दिले.

त्या दिवशी आपल्या अनेक घरांत सुतक असल्यासारखे वातावरण होते. पण भावना जरा बाजूला ठेवून आकडे पाहावेत. गव्हर्नरचा नकार रद्द करण्यासाठी दोनतृतीयांश मते लागतात, म्हणजे सिनेटमध्ये २७ आणि असेंब्लीत ५४. सिनेटमध्ये ३१ मते पडली होती. तेथे बळ पुरेसे होते. असेंब्लीत ५०, म्हणजे चार कमी. त्या सभागृहाच्या ८० सदस्यांपैकी विरोधात केवळ तिघे होते. उरलेले सत्तावीस मताला आलेच नाहीत किंवा गप्प बसले. चाळीस वर्षांहून अधिक काळ कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने एकाही गव्हर्नरचा नकार फिरविलेला नाही, तेव्हा चार मते अधिक असती तरी ते घडलेच असते असे मी म्हणत नाही. परंतु ते सत्तावीस मतदारसंघ कोणते, आणि त्यांपैकी किती ठिकाणी आपले एक तरी कुटुंब प्रतिनिधीच्या कार्यालयात जाऊन बसले होते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. विरोध करणारे तेथे जात होते. वहाब यांना मुदतीपूर्वीच परत बोलावण्याची मोहीमही त्यांच्या मतदारसंघात सुरू झाली. राज्याच्या घटनेप्रमाणे त्यासाठी मागील निवडणुकीत त्या जागेसाठी पडलेल्या मतांच्या वीस टक्के सह्या लागतात. ती मोहीम मतदानापर्यंत पोहोचली नाही. तथापि एक गोष्ट तिने सर्व सिनेटरांना शिकविली, की ह्या विषयाला हात लावला तर त्याची किंमत मागितली जाते. हात लावणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभे राहते की नाही, हे त्यांना आपण दाखवायचे होते.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या मतदारसंघात आमच्या दहा-वीस घरांना कोण विचारतो? सिअॅटलचे उदाहरण घ्या. ती सिनेट नव्हे, नगर परिषद. पण तिथेही बहुतेक सदस्य वॉर्डनिहायच निवडले जातात. पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत तेथील तिसऱ्या वॉर्डातून निवडून आल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी मतदान झाले आणि चाळीस हजारांवर मतांत त्या केवळ तीनशेच्या आसपास मतांनी तरल्या. पुढे २१ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांनीच मांडलेला, जातीवरून भेदभावास बंदी करणारा ठराव ६ विरुद्ध १ मतांनी संमत झाला आणि असा कायदा करणारे सिअॅटल हे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रेस्नो दुसरे झाले. ते तीनशे मतदार आपल्यापैकी नव्हते, बहुतेकांना जात म्हणजे काय हेही ठाऊक नसेल. पण त्यांच्याविना तो ठराव मांडायला ती व्यक्तीच सभागृहात उरली नसती.

न्यू जर्सी आपल्या मराठी मंडळींचे माहेरघर. तेथील नोव्हेंबर २०२१ चा निकाल मतदारसंघवार पाहिला म्हणजे एकूण बेरजेखाली किती गोष्टी झाकल्या जातात ते ध्यानात येते. सिनेट डेमोक्रॅटांकडे राहिली, २४ विरुद्ध १६. म्हणजे वरवर पाहता फारसे काही घडले नाही. पण २०१० पासून सिनेटचे अध्यक्षपद भूषविणारे, राज्यात गव्हर्नरच्या खालोखाल वजन असणारे स्टीव्ह स्वीनी तिसऱ्या मतदारसंघात एड डर नावाच्या ट्रकचालकाकडून दोन हजारांहून थोड्या अधिक मतांनी पडले. अकराव्या मतदारसंघात तर त्याहून विलक्षण प्रकार झाला. तेथे भारतीय वंशाचे सिनेटर व्हिन गोपाल निवडून आले, पण त्याच मतदारांनी, त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर त्यांच्या पक्षाचे असेंब्लीतील दोन्ही उमेदवार पाडले. मतदार पक्षाच्या खुणेपलीकडे माणूस पाहतो, त्याचा हा पुरावा. जो प्रतिनिधी लोकांच्या कामाला येतो, अंत्यविधीला आणि शाळेच्या समारंभाला हजर राहतो, तो पक्षाच्या पडत्या काळातही तरतो. आणि म्हणूनच अशा माणसाला आपल्या बुद्धजयंतीला बोलावणे व्यर्थ जात नाही. (डर २०२३ मध्ये पराभूत झाले. मतदार दोन वर्षांत मन बदलू शकतो, हेही त्याच बरोबर लक्षात असावे.)

आता मतदारसंघाच्या रेषेचा प्रश्न. रेषा कोठे ओढली ह्यावर माणसाचे माणूसपण ठरावे, हे आपल्याला नवीन नाही. गावकूस ही रेषाच होती. १९६४ पूर्वी अमेरिकेतील अनेक राज्यांच्या सिनेटमध्ये जागा लोकसंख्येवर नव्हे, काउंटीवर दिल्या जात. कॅलिफोर्नियात साठ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या लॉस एंजेलिस काउंटीला एक सिनेटर, आणि डोंगराळ भागातील तीन काउंट्या मिळून सुमारे चौदा हजार लोकांनाही एकच. अलाबामात बर्मिंगहॅम शहर ज्यात येते त्या जेफरसन काउंटीच्या सहा लाखांवर लोकांना एक सिनेटर, आणि लाउंडेस काउंटीच्या १५,४१७ लोकांनाही एक. लाउंडेसची कथा आपण नीट समजून घ्यावी अशी आहे. तेथील पाचांपैकी चार माणसे कृष्णवर्णीय होती, परंतु १९६५ च्या आरंभी त्यांच्यातील एकाचेही नाव मतदार यादीत नव्हते. जागा त्या काउंटीच्या नावाने मिळे, आणि तिचा सिनेटर निवडीत केवळ गोरे जमीनदार व त्यांचे सोयरे. रहिवासी म्हणून सारे, मतदार म्हणून मूठभर! १५ जून १९६४ रोजी अलाबामाच्याच खटल्यात सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल दिला की राज्याच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ समान लोकसंख्येचे असले पाहिजेत. हेच वॉरन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना काउंटीवार सिनेटचे समर्थन करीत होते.

त्या निकालाचे फळ दोन वर्षांत दिसले. टेक्ससमध्ये ह्यूस्टनच्या बार्बरा जॉर्डन १९६२ आणि १९६४ अशा दोनदा राज्याच्या कनिष्ठ सभागृहासाठी उभ्या राहिल्या व दोन्ही वेळा पडल्या, कारण तेव्हा उमेदवाराला संपूर्ण हॅरिस काउंटीची मते लागत. १९६६ मध्ये काउंटीचे तुकडे होऊन स्वतंत्र सिनेट मतदारसंघ झाले आणि त्याच जॉर्डन निवडून आल्या. १८८३ नंतर टेक्ससच्या सिनेटमध्ये बसणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती होती. उमेदवार तीच, वस्ती तीच, तिचे भाषणही तेच. फक्त रेषा बदलली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसहून मर्विन डायमली कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये गेले, तेथील पहिले कृष्णवर्णीय सिनेटर. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या ह्या गृहस्थांच्या अंगात आफ्रिकन आणि भारतीय असे दोन्ही रक्त होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

लाउंडेसच्या लोकांसारखे मोजले जायचे पण मत द्यायचे नाही, अशी अवस्था आज ह्या देशात आणखी कोणाची आहे? आपली स्वतःची! टेक्ससच्या सिनेट मतदारसंघांवरून एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मतदारसंघ आखताना सर्व लोकसंख्या न धरता केवळ मतदानास पात्र असलेलेच मोजावेत, असे अर्जदारांचे म्हणणे होते. ४ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने ते एकमताने फेटाळले. राज्याने मुले, परदेशी नागरिक, सर्व रहिवासी मोजून मतदारसंघ आखले तर ते घटनेला धरूनच आहे. म्हणजे एच-१ व्हिसावर आलेला नागपूरचा अभियंता, त्याची पत्नी, ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षे ताटकळणारा औरंगाबादचा प्राध्यापक, हे सारे सिनेटरच्या मतदारसंघाचे आकारमान भरून काढतात. फरक एवढाच की लाउंडेसमध्ये नाव नोंदवायला गेलेल्याचा जीव धोक्यात येई. आपल्यापैकी ज्यांना व्हिसाच्या रांगेने अडविले आहे त्यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. पण ग्रीन कार्ड मिळून पंधरा-वीस वर्षे झाली, मुले इथे वाढली, घराचे कर्ज फिटले, तरीही जे नागरिकत्वाचा अर्ज भरीत नाहीत, त्यांना कोणी अडविले आहे? भारताचा पासपोर्ट सोडताना मनाला यातना होतात, त्या मलाही झाल्या. परंतु तो पासपोर्ट कपाटात जपून ठेवून आपण तेथेही मत देत नाही आणि येथेही देत नाही. ज्यांच्या आजोबांनी १९५२ मध्ये पहिल्यांदा मतपेटी पाहिली त्यांनी असे दोन्हीकडून बिनमताचे राहावे, हे मला पटत नाही.

बाबासाहेबांनी मतदारसंघाच्या रचनेवर जेवढा विचार केला तेवढा त्या काळी हिंदुस्थानात क्वचितच कोणी केला असेल. २७ जानेवारी १९१९ रोजी साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना ते सत्तावीस वर्षांचे होते, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. केवळ प्रदेशाच्या आधारे आखलेल्या मतदारसंघात विखुरलेल्या अल्पसंख्यांना स्वतःचा माणूस पाठविता येत नाही, आणि आपले मत दुसऱ्याने मांडणे म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातील अनेक सदस्यांच्या मतदारसंघांत संचयी मतदान होते. म्हणजे मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सर्व एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. स्वतंत्र मजूर पक्षाने त्याचा पुरेपूर उपयोग केला व उभे केलेल्या १७ उमेदवारांपैकी १४ निवडून आणले. बाबासाहेबांनी स्वतःच्या जागेवर पराभूत केले ते प्रख्यात क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना, सुमारे दोन हजार मतांनी. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईचा मतदारसंघ द्विसदस्य होता, मतदाराला दोन मते होती, परंतु दोन्ही एकाच उमेदवाराला देण्याची मुभा गेली होती. बाबासाहेब नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले. पराभवाची कारणे अनेक होती. मतदानाची पद्धत त्यांतील एक होती, एवढे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. १९५५ मध्ये भाषावार प्रांतरचनेवरील ग्रंथात त्यांनी एकसदस्य मतदारसंघांऐवजी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ व संचयी मतदान, असा उपाय पुन्हा सुचविला.

आपल्यापैकी शिकागोकर मंडळींनी ह्याची विशेष नोंद घ्यावी. इलिनॉय राज्याच्या कनिष्ठ सभागृहात १८७० च्या घटनेपासून हीच पद्धत चालू होती, तीन सदस्यांचा मतदारसंघ आणि मतदाराच्या हाती तीन मते. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते त्या १९१३ ते १९१६ च्या काळातही ती चालू होती. १९८० मध्ये सभागृहाचा खर्च व आकार घटविण्याच्या लाटेत लोकांनी घटनादुरुस्ती करून ती मोडीत काढली आणि सदस्यसंख्या १७७ वरून ११८ वर आणली. खर्च वाचला खरा; त्याबरोबर प्रत्येक मतदारसंघातील दुबळ्या बाजूचा तिसरा माणूसही गेला. आता उरली आहे ती एका मतदारसंघातून एक सिनेटर, एक मत, अशी पद्धत. तीत राखीव जागा नाहीत. १९८६ मध्ये उत्तर कॅरोलायनाच्या विधिमंडळाच्या मतदारसंघांवरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्यांसाठी मतदारसंघ मागण्याच्या ज्या कसोट्या घातल्या, त्यांतील पहिलीच अशी की तो समाज पुरेसा मोठा आणि एका ठिकाणी एकवटलेला असावा. एडिसनमध्ये दहा घरे, ह्यूस्टनमध्ये वीस, अशा विखुरलेल्या आपल्या समाजाला ती कसोटी कधीच लागू पडणार नाही.

म्हणून येथे स्वतःचा माणूस निवडून आणण्याचे गणित मांडीत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. आडनाव भारतीय आहे म्हणून उमेदवाराच्या पाठीमागे धावण्यातही नाही. आपल्या संस्थांच्या व्यासपीठावर भारतीय वंशाचा कोणी निवडून आला की हार घालण्याची स्पर्धा लागते, मग त्याने जातीच्या प्रश्नावर कधी तोंड उघडले आहे की नाही हे कोणी विचारीत नाही. ४०३ क्रमांकाचे विधेयक काबूलशी नाते सांगणाऱ्या एका स्त्रीने मांडले. त्याला मत देणारे बहुसंख्य सदस्य मेक्सिकन, आफ्रिकन, युरोपीय वंशाचे होते. ज्याला आपले म्हणणे कळते तो आपला प्रतिनिधी. आणि ते त्याला आपणच समजावून द्यावे लागते, त्याच्या कार्यालयात बसून, आपल्या अनुभवाच्या भाषेत.

आपल्यातील काही सुशिक्षित मंडळींचे म्हणणे मी ऐकले आहे, की हा विषय इथे काढूच नये. मुलांना जात माहीत नाही, गोऱ्या शेजाऱ्याला माहीत नाही, मग आपणच कशाला ओळख सांगत फिरायचे? हा विचार भित्रेपणाचा आहे असे मी म्हणणार नाही. एका आईने मला तो सांगितला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि तिच्या मुलाला विद्यापीठाच्या वसतिगृहात त्याच्याच देशबांधवांनी आडनाव विचारून विचारून जे सुनावले ते ती विसरू शकत नव्हती. पण पाहा, त्या मुलाची ओळख लपून राहिली नाहीच. ज्याला विचारायचे होते त्याने विचारलेच. लपून राहिली ती फक्त तक्रार, कारण ती कोणत्या नियमाखाली करावी हे तेथील अधिकाऱ्याला ठाऊक नव्हते. कायद्यात तो एक शब्द असावा म्हणून झगडायचे ते एवढ्यासाठी.

पुढील शिरगणती २०३० मध्ये आहे. कॅलिफोर्नियात २००८ च्या जनमतानुसार मतदारसंघ आखण्याचे काम राजकारण्यांकडून काढून चौदा नागरिकांच्या आयोगाकडे दिले आहे. पाच डेमोक्रॅट, पाच रिपब्लिकन, चार इतर. २०११ आणि २०२१ मध्ये ह्या आयोगाने जाहीर सुनावण्या घेतल्या, आणि आमची वस्ती, आमचे विहार, आमची मुले जातात त्या शाळा एका मतदारसंघात ठेवा, असे कोणीही नागरिक किंवा अनागरिक तेथे जाऊन सांगू शकत होता. गुरुद्वारांच्या वतीने लोक आले, चिनी दुकानदारांच्या वतीने आले. २०३१ मध्ये ते पुन्हा बसतील. त्या सिनेटच्या सम क्रमांकांच्या मतदारसंघांची पाळी २०२६ ची, विषम क्रमांकांची २०२८ ची. न्यू जर्सीत सिनेटच्या चाळीसही जागांची निवडणूक २०२७ मध्ये येते. आपल्या संस्थेने प्रत्येक सभासदाच्या नावापुढे त्याच्या राज्य सिनेट मतदारसंघाचा क्रमांक लिहून ठेवावा, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे पाठविली आहे. एका रविवारचे काम आहे, आणि यादी माझ्याकडे देण्यास तयार असलेल्यांनी ती सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी.